मुंबई बघा, पण जरा निवांत!

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी संपली, की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. आमचा कंपाउंडर त्यांना गमतीने ‘मुंबई रिटर्न’ म्हणतो. कुणाच्या पायाला फोड आलेले असतात, कुणाचे पोट बिघडलेले असते. एखाद्या आजोबांचे घोटे सुजलेले असतात, एखाद्या ताईंना लघवीला जळजळ होत असते. मधुमेह असलेल्या काकांची साखर भडकलेली असते आणि घरातले धाकटे पोर तापाने फणफणलेले असते. आजार निरनिराळे, पण कहाणी एकच. “डॉक्टर, चार दिवस मुंबई बघायला गेलो होतो.”

मध्यंतरी आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक असेच आले. पाय सुजलेले, अंग मोडून आलेले.

“मग गुरुजी, काय काय पाहिलंत?” रक्तदाब मोजता मोजता मी विचारले.

गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “खरं सांगू का डॉक्टर? माणसांच्या पाठी पाहिल्या!”

आम्ही दोघेही हसलो. पण गुरुजी गेल्यावर मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. आज ती वाचकांना सांगतो. चूक माझी होती आणि डॉक्टर असूनही मी ती केली होती.

एका दिवसात सहा ठिकाणे

मे २००७ ची गोष्ट. आईचे वय तेव्हा सहासष्ट. आयुष्य सोलापूर जिल्ह्यात गेलेले, मुंबई कधी पाहिलेली नव्हती. मुलांना सुटी होती, म्हणून सगळेच निघालो. कुर्डुवाडीला मध्यरात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलो. माझ्या खिशात यादी होती. एका दिवसात सहा ठिकाणे! खर्च केलाच आहे, तर सगळे बघून घेऊ, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब.

रात्री आईची झोप झाली नव्हती. सकाळचा चहा घाईत झाला. बाहेर बायकांची सोय कुठे होईल याची खात्री नाही, म्हणून आईने पाणी पिणेच बंद केले होते, आणि हे तिने कुणाला सांगितले नव्हते. रक्तदाबाची गोळी मात्र तिने नेमाने घेतली होती. त्यात लघवीवाटे पाणी काढणारे औषध होते. ती गोळी मीच लिहून दिलेली! टॅक्सीतून समुद्र दिसला तेव्हा आई म्हणाली, “थांबायचं का जरा?” मी म्हणालो, “संध्याकाळी बघू, आधी रांगेत नंबर लावू.”

यादीतल्या चौथ्या ठिकाणी, भर दुपारी, दीड तास रांगेत उभे राहिल्यावर आई एकदम खाली बसली आणि कोसळली. भुवईला खोक पडली. माणसांनी गराडा घातला. कुणी तोंडावर पाणी मारतो आहे, कुणी चप्पल हुंगवा म्हणतो आहे, आणि इतकी वर्षे रुग्ण तपासणारा मी घाबरून नाडी शोधतो आहे!

जवळच्याच एका दवाखान्यात दोन टाके पडले. तिथले वयस्क डॉक्टर शांत स्वभावाचे होते. टाके घालता घालता त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “आईंना काय बघायचं होतं, ते विचारलं होतंत का?”

मी गप्प. आईनेच टेबलावरून उत्तर दिले, “मला तर समुद्र बघायचा होता. जरा बसून.”

आपल्याला उन्हाची सवय आहे, हा भ्रम

आता थोडे वैद्यकीय बोलू. “डॉक्टर, आम्ही बेचाळीस अंशांत शेतात काम करतो, मुंबईचं ऊन ते काय?” असे आपल्याकडची मंडळी छातीठोकपणे म्हणतात. इथेच फसगत होते.

शरीर थंड राहते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर घाम वाळल्यामुळे. आपल्याकडची हवा कोरडी. घाम आला, वाळला, अंग गार झाले. मुंबईची हवा दमट. तिथे तेहतीस-चौतीस अंशांतही घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. म्हणजे अंगातले पाणी आणि मीठ तर जाते, पण शरीर काही गार होत नाही. त्यात चहूबाजूंनी माणसे चिकटलेली असली, की वारा लागत नाही. मग डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड आणि शेवटी भोवळ, असा क्रम ठरलेला.

दुसरे कारण रांगेचे. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. पोटऱ्या म्हणजे जणू शरीराचा दुसरा पंपच. रांगेत माणूस नुसता उभा असतो. हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साठते, उकाड्याने कातडीतल्या रक्तवाहिन्याही सैल झालेल्या असतात. मग मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. तासभर चालणाऱ्याला जे होत नाही, ते तासभर उभे राहणाऱ्याला होते. त्याचे कारण हे आहे.

तिसरे कारण वेळापत्रकाचे. रांग सोडता येत नाही म्हणून जेवण दोन वाजताचे चार वाजता होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर अशा वेळी एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोकांना वाटते ऊन लागले. प्रत्यक्षात त्याला तातडीने साखर हवी असते.

आणि चौथे कारण माझ्या आईचे. पाणी न पिणे, लघवी रोखून धरणे. प्रवासाहून आलेल्या बायकांमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग मी वारंवार पाहतो. लाजेपायी हे कुणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

शिवाय गर्दी म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, हेही लक्षात ठेवावे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली. अशा गर्दीत बरीच माणसे तुडवली जाऊन मरत नाहीत, तर उभ्या उभ्या गुदमरतात. छाती फुगायलाच जागा उरत नाही. म्हणून गर्दीत हात वर उचलता येईनासे झाले, की तो इशारा समजावा. पुढे रेटू नये. हात छातीपुढे दुमडून धरावेत आणि लोंढ्याच्या उलट न जाता तिरके तिरके कडेला सरकावे.

निवांत जागा दुय्यम नव्हेत

आता तुम्ही म्हणाल, “मग काय डॉक्टर, मुंबईला जायचंच नाही का?” जरूर जावे! माझे सांगणे इतकेच, की माणसाची बघण्याची ताकद मोजकी असते. ती रांगेत संपवायची की बघण्यात, हे आपण ठरवायचे. मुंबईत अशा कितीतरी जागा आहेत, जिथे पाठी न बघता वस्तू बघता येते, सावली मिळते, बसायला मिळते. त्यांची नावे प्रवासी गाड्यांच्या पाटीवर क्वचितच असतात. पण कमी गर्दीची म्हणून ती जागा कमी दर्जाची, असे मुळीच नाही.

टाके पडल्यानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षांनी, म्हणजे जानेवारी २००९ मध्ये, आम्ही आईला पुन्हा मुंबईला नेले. या वेळी नियम एकच होता. सकाळी एक ठिकाण, दुपारी विश्रांती, जमलेच तर संध्याकाळी दुसरे.

गाडीतून उतरून सामान क्लोकरूमला ठेवले आणि थेट मरीन ड्राइव्ह गाठले. सकाळचे साडेसात वाजले असतील. एक साधी गोष्ट सांगतो. मरीन ड्राइव्हचा समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य मागच्या इमारतींच्या आड असतो, त्यामुळे कठड्यावर सावली असते. संध्याकाळी तोच सूर्य तोंडावर येतो आणि सारी मुंबई तिथे लोटते. जागा तीच, फक्त वेळ बदलली. याच न्यायाने, गेटवे ऑफ इंडियाची बाजू पूर्वेची. तिथे सूर्योदय बघावा. १९२४ साली पूर्ण झालेली ती कमान पहाटे बघितली तर डोळ्यांत भरते. दुपारी तिच्यापुढे फक्त फोटो काढणाऱ्यांची गर्दी दिसते.

आई कठड्यावर मांडी घालून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं पाणी! आणि आपल्याकडे टँकर.”

घारापुरीचा हत्ती भायखळ्यात

मुंबईला गेलेला प्रत्येक जण घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची लेणी बघू पाहतो. लेणी अप्रतिमच आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा आहेत. पण तासाभराचा बोटीचा प्रवास, वर शंभराहून अधिक पायऱ्या आणि सुटीच्या दिवसांत बोटीपासून लेण्यापर्यंत माणसेच माणसे. गुडघेदुखी, दम्याचा त्रास किंवा हृदयविकार असलेल्यांना हे झेपत नाही.

त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. एकही पायरी न चढता, झाडांच्या सावलीत तो बघता येतो.

हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजींचे नाव दिले गेले. हे भाऊ दाजी कोण? आमच्याच धंद्यातले! मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. महारोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी खटपट केली, जुने शिलालेख वाचले आणि हे संग्रहालय उभे राहावे म्हणून झटले. मुंबईला आलेल्या प्रत्येक डॉक्टरने इथे एकदा डोके टेकवावे, असे मला वाटते.

आत रंगीत छत, उंच खांब आणि मातीच्या सुबक बाहुल्या आहेत. जुन्या मुंबईतले निरनिराळ्या जातीधर्मांचे, व्यवसायांचे लोक कसे दिसत, ते या बाहुल्यांतून कळते. आई एकेका बाहुलीचे लुगडे आणि पागोटे निरखत राहिली. “ही आपल्यासारखंच नेसलीय बघ,” असे म्हणून माझ्या मुलीला दाखवत होती. बाजूच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला झुंबड असते (हे पेंग्विन २०१७ पासून लोकांना बघता येतात), पण भिंतीपलीकडच्या या वास्तूत सहसा शांतता असते.

जाण्याची एक युक्तीही सांगून ठेवतो. सकाळी कामाची गर्दी लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे येत असते. आपण तिथून भायखळ्याकडे, म्हणजे उलट दिशेने निघालो, तर डबे बऱ्यापैकी मोकळे मिळतात. संध्याकाळी मात्र हाच प्रकार उलटा होतो, तेव्हा सांभाळावे.

आणखी काही जागा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळकेश्वरच्या बाणगंगेवर गेलो. मलबार हिलच्या उंच इमारतींच्या मागे, समुद्राला अगदी लागून हे जुने तळे आहे. शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये ते बांधले गेल्याचे सांगतात. सीतेला शोधायला निघालेल्या रामाला इथे तहान लागली आणि बाण मारून पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. खाली झरा असल्याने समुद्र शेजारी असूनही पाणी गोडे आहे. भोवती पायऱ्या, दीपमाळा, देवळे, पाण्यात बदके. कधी पंढरपूरच्या घाटाची, तर कधी एखाद्या कोकणातल्या गावाची आठवण व्हावी. पितृपक्षात, त्यातही सर्वपित्री अमावास्येला, आणि त्रिपुरी पौर्णिमेला इथे गर्दी असते. ते दिवस टाळावेत. पायऱ्या ओल्या असतील तर वृद्धांनी वरच बसावे. घसरून खुबा मोडला तर मुंबई राहील बाजूला.

गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. त्यांची खोली, चरखा, खाली ग्रंथालय आणि त्यांच्या आयुष्यातले प्रसंग बाहुल्यांतून दाखवणारे देखावे. शाळकरी मुले इथे रमतात. रस्त्यावर झाडे आहेत. वर जायला जिना आहे, तो सावकाश चढावा.

हुतात्मा चौक आणि फोर्ट भाग रविवारी सकाळी बघावा. कचेऱ्या बंद असतात, रस्ते रिकामे असतात. एरवी वाहनांच्या गराड्यात जे हुतात्मा स्मारक नजरेतून निसटते, त्याच्यापुढे रविवारी दोन मिनिटे शांतपणे उभे राहता येते. १ मे १९६० रोजी आपल्याला महाराष्ट्र मिळाला, तो कुणामुळे, हे मुलांना तिथे उभे करून सांगावे. पुढे हॉर्निमन सर्कलची बाग आणि १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल. भव्य पायऱ्या खालूनच बघितल्या तरी चालतात!

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी बघावीत. शंभराहून अधिक लेणी, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, त्यांच्याकडे पाणी नेणारे पन्हळ आणि भिक्षूंना बसायला कोरलेले दगडी ओटे. पावसाळ्यातल्या रविवारी इथेही जत्रा भरते. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जावे. माकडे असतात, तेव्हा हातात खाण्याची पिशवी मिरवू नये. माकड चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा.

माटुंग्याच्या पाच बागांची, म्हणजे फाइव्ह गार्डन्सची गोष्ट तर आरोग्याचीच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांत माणसे पटापट मेली. त्यातून धडा घेऊन १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा सोडून वस्ती आखली. म्हणजे आज आपण ज्या झाडांखाली बसतो, ती सावली सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका साथीने शिकवलेल्या शहाणपणाची आहे. तसेच माहीम-धारावीच्या सीमेवर, मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत. झाडे लावून १९९४ मध्ये ते खुले केले. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उगवू शकते, हे मुलांनी पाहण्यासारखे आहे.

एक सूचना. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात. दुरुस्तीसाठीही मधूनमधून दारे बंद ठेवतात. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

निघण्यापूर्वी आणि तिथे गेल्यावर

औषधांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. सोबत औषधांची चिठ्ठी असावी. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर प्रवासात तिची वेळ बदलायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह असलेल्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये. बघायचे ठिकाण चुकले तर चालेल.

पाणी दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आधी विचारावे. संग्रहालयांत बहुधा स्वच्छतागृह असते. निवांत ठिकाण निवडण्याचे हे एक मोठे, पण न बोलले जाणारे कारण आहे! फार घाम गेला किंवा जुलाब झाले, तर जलसंजीवनी घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा.

नवी चप्पल किंवा बूट मुंबईला घालून जाऊ नये. मधुमेही माणसाने रात्री पावले उजेडात तपासावीत. फोड आला तर फोडू नये. लहान मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहावा.

रांगेत उभे राहावेच लागले, तर अधूनमधून टाचा उचलाव्यात, जागच्या जागी पावले टाकावीत. भोवळ येतेय असे वाटले, की मान न ठेवता तिथेच खाली बसावे किंवा आडवे व्हावे. कुणी कोसळले तर त्याला उठवून बसवू नये. सपाट झोपवावे, पाय वर धरावेत, कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. चप्पल आणि कांदा बाजूला ठेवावा. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, बोलणे जड झाले असेल किंवा अंग तापून माणूस बरळू लागला असेल, तर १०८ ला फोन करावा. उपचारांत उशीर होऊ देऊ नये.

सिद्धिविनायकासारख्या ठिकाणी जाणाऱ्या भक्तांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण मंगळवार आणि अंगारकी टाळून एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर गेल्याने पुण्य कमी होत नाही, हे वयस्करांना घरच्यांनी समजावून सांगावे.

शेवटचा प्रश्न

आई २०१८ मध्ये गेली. त्या दुसऱ्या सहलीत तिने दोन दिवसांत तीनच ठिकाणे पाहिली होती. पण पुढे कितीतरी वर्षे ती शेजारणींना समुद्राकाठच्या गोड्या पाण्याच्या तळ्याबद्दल आणि मोडून पुन्हा जोडलेल्या दगडी हत्तीबद्दल सांगत असे. पहिल्या सहलीतली चार ठिकाणे कोणती, ते तिलाही आठवत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही आठवत नाही. आठवतात ते फक्त दोन टाके.

म्हणून वाचकहो, या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांना मुंबईला नेणार असाल, तर जरूर न्या. यादीही करा. फक्त ती लिहायला घेण्यापूर्वी त्या वयस्क डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न आपल्या आई-वडिलांना विचारा, “तुम्हाला काय बघायचंय?” आणि ते जे सांगतील, ते यादीत सगळ्यात वर लिहा.